शनवार तेली आणि ससून

पुण्याच्या माणसाच्या तोंडी 'ससून' हा शब्द आठवड्यातून एकदा तरी येतोच. कुणाला ससूनला हलवले, कुणी ससूनसमोर रिक्षाला उभा आहे. मुंबईकराला ससून डॉक माहीत असतो, निदान तिथली पहाटेची मासळी तरी. काळा घोड्याजवळून जाताना डेव्हिड ससून लायब्ररीची दगडी इमारत दिसते. ज्या घोड्यावरून त्या चौकाला नाव पडले तो घोडाही (म्हणजे त्यावर बसलेला राजा सातवा एडवर्ड) १८७९ साली आल्बर्ट ससूनने शहराला दिलेला. १९६५ मध्ये तो पुतळा तिथून हलवून राणीच्या बागेत नेला, पण नाव चौकालाच चिकटून राहिले.

आता दुसरे नाव घेतो. 'शनवार तेली.' हे मात्र रायगड जिल्ह्यातल्या जुन्या माणसांखेरीज कुणाला फारसे माहीत नसेल. अलिबाग, रेवदंडा, चौल, पेण, मुरुड या पट्ट्यात घाण्यावर तेल गाळणारी काही घरे होती. ती शनिवारी घाणा बंद ठेवत. गावाला त्याचे कारण माहीत नव्हते आणि गावाने ते विचारलेही नाही. सोमवारी बैलाला विसावा देणारे ते सोमवार तेली आणि शनिवारी देणारे ते शनवार तेली, एवढी नोंद करून गाव आपल्या कामाला लागले. हे शनवार तेली म्हणजे बेने इस्रायल. तेही ज्यू आणि ससूनही ज्यू.

मी आयुष्यभर इतिहास शिकवला, त्यातली बरीच वर्षे त्याच जिल्ह्यात (आधी कुलाबा, १९८१ पासून रायगड). तेव्हापासून हा प्रश्न डोक्यात आहे. धर्म एक, समुद्रमार्गे येणे एक, शेवटी येऊन पोचले तेही एकाच शहरात, मुंबईत. आणि तरी दोघांचे बरे-वाईट इतके वेगळे कसे झाले? दोघांपैकी बरे कुणाचे झाले, हे ठरवायचे तरी कशावरून?

पैशाने ठरवायचे तर प्रश्न दोन मिनिटांत सुटतो. डेव्हिड ससून १७९२ साली बगदादला जन्मला. तिथल्या दाऊद पाशाच्या जाचाला कंटाळून तो बुशहरला पळाला आणि १८३२ साली मुंबईत आला. अरबी, हिब्रू, फारसी, तुर्की या भाषा त्याला येत होत्या, इंग्रजी आली नाही. अखेरपर्यंत पोशाखही बगदादी, डोक्याला पागोटे. पण धंद्याचे गणित पक्के. आठ मुलगे होते. कुणाला शांघायला, कुणाला हाँगकाँगला, कुणाला लंडनला असे प्रत्येक बंदरावर घरचे माणूस बसवले. तार नसलेल्या काळात विश्वासाचा माणूस हीच सगळ्यात मोठी पेढी होती. कापूस, सूत आणि मुख्य म्हणजे माळव्याची अफू. हे मी मुद्दाम स्पष्ट लिहितो, कारण दानशूर ससूनांची चरित्रे सांगताना अफूचा उल्लेख बहुधा तळटीपेत जातो. मुंबईहून चीनला जाणाऱ्या अफूच्या पेट्यांवर या शहराचे अर्धे वैभव उभे राहिले. त्यात पारशी होते, गुजराती आणि मारवाडी होते, आणि १८७० च्या सुमारास या व्यापारात ससून मंडळी अग्रभागी होती. ससून रुग्णालयाच्या पायऱ्या चढताना हे आठवले तर हरकत नाही. चीनमधल्या किती घरांची धूळधाण होऊन या पायऱ्या झाल्या, हा प्रश्न माझ्या एका विद्यार्थिनीने वर्गात विचारला होता. तिला मी पूर्ण गुण दिले.

ससूनांचे ऐश्वर्य वाढतच गेले. १८६४ मध्ये डेव्हिड ससून पुण्यात वारला. त्याची कबर कॅम्पातल्या लाल देवळाच्या आवारात आहे. १८६७ मध्ये दुसऱ्या मुलाने, एलियासने, वेगळी पेढी काढली (भाऊबंदकी बगदादहून आली तरी तिचे स्वरूप आपल्याकडच्यासारखेच!). १८७५ मध्ये ससून डॉक झाला. मग गिरण्या आल्या. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ई. डी. ससून कंपनी ही मुंबईतल्या सगळ्यात मोठ्या गिरणीमालकांपैकी एक होती. गेटवे ऑफ इंडियाच्या बांधकामालाही सर जेकब ससूनची देणगी आहे.

आणि शनवार तेली? त्यांची आख्यायिका अशी की, फार प्राचीन काळी अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला एक गलबत फुटले आणि सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या. त्यांचेच हे वंशज. पोथ्या समुद्राने नेल्या, भाषा काळाने नेली. उरले ते शनिवार पाळणे, सुंता, खाण्यापिण्याचे काही नियम आणि 'शमा' नावाच्या प्रार्थनेचे आरंभीचे शब्द. बाकी सगळे कोकणाचे झाले. यहेज्केलचा हसाजी झाला, शमुवेलचा समाजी झाला, अब्राहामचा आबाजी झाला. गावावरून आडनावे पडली: केहिमकर, रोहेकर, नवगावकर, पेणकर, दिवेकर, चेऊलकर. (हिंदी चित्रपटांतले डेव्हिड हे यातलेच, डेव्हिड अब्राहाम चेऊलकर.) लग्नात हिरवा चुडा आणि मेंदी, गळ्यात मंगळसूत्र. एलियाहू हन्नबीच्या नावाने पोहे, गूळ, ओल्या नारळाचा कीस आणि फळे घालून 'मलिदा' करायचा. यातले पोहे-गूळ-नारळ बगदादहून आलेले नाहीत, हे सांगायला इतिहासकार लागत नाही.

अठराव्या शतकाच्या मध्यापासून ही माणसे मुंबईला येऊ लागली. तेलाचा घाणा सोडून कंपनीच्या पलटणीत भरती झाली. समाजी हसाजी दिवेकर, म्हणजेच सॅम्युएल एझिकेल दिवेकर, टिपूविरुद्धच्या लढाईत कैद झाला. सुटका झाल्यावर त्याने १७९६ मध्ये मांडवीला सिनेगॉग बांधले. बेने इस्रायल त्याला 'मशीद'च म्हणत. आपल्या मशीद बंदर स्टेशनचे नाव त्यावरूनच पडले असे सांगतात. ससून मुंबईत उतरला त्याच्या छत्तीस वर्षे आधीची ही गोष्ट आहे. सुरुवातीला बगदादी लोकांना मुंबईत स्वतःचे प्रार्थनास्थळ नव्हते. ते याच मशिदीत येत, याच दफनभूमीत आपली माणसे पुरत.

पण लवकरच ते बदलले. १८३६ मध्ये डेव्हिड ससून आणि आणखी काही बगदादी गृहस्थांनी मुंबई सरकारकडे अर्ज केला की, ज्यूंच्या दफनभूमीत आमच्या आणि बेने इस्रायलांच्या कबरींमध्ये भिंत घालून द्यावी. येऊन चारच वर्षे झाली होती! निर्वासित म्हणून आलेल्या माणसाला, ज्यांनी जागा दिली त्यांच्यापासून मेल्यावरही वेगळे राहायचे होते. कारण दिले गेले धर्मशुद्धीचे. यांना घटस्फोटाचे शास्त्र माहीत नाही, यांच्या चालीरीती हिंदूंच्या, तेव्हा यांचे रक्त शुद्ध कशावरून? पुढे बगदादी सिनेगॉगांत सार्वजनिक प्रार्थनेला जे दहा प्रौढ पुरुष लागतात, त्यांत बेने इस्रायल माणसाला मोजायचे नाही असा दंडक पडला. तो मागे उभा राहू शके, पण अकरावा म्हणून! रंगूनमध्ये तर सिनेगॉगच्या कारभारात मत देण्याच्या हक्कावरून १९३० च्या दशकात भांडण उच्च न्यायालयात गेले. तिथे बेने इस्रायल जिंकले.

मला वाटते, धर्मशास्त्र हे निमित्त होते. खरे कारण राज्यकर्त्यांच्या नजरेत होते. बगदादी व्यापाऱ्याला साहेबाच्या पंगतीला बसायचे होते, आणि काळ्या-सावळ्या, मराठी बोलणाऱ्या, नेटिव पलटणीतल्या सुभेदाराशी आपले नाते आहे असे साहेबाला कळले तर ते अडचणीचे होते. डेव्हिड ससूनच्या मुलांनी पागोटी उतरवली, सूट चढवले, घरात इंग्रजी आणली. आपली गणना युरोपियनांत व्हावी म्हणून बगदादी पुढाऱ्यांनी पुढे सरकारदरबारी खटपटी केल्या. सरकारने दाद दिली नाही. जातिभेद आपल्याकडचाच आणि बाहेरून आलेले बिचारे निर्मळ, असे ज्यांना वाटते त्यांनी हे प्रकरण जरूर वाचावे. अर्थात बेने इस्रायलही काही धुतल्या तांदळाचे नव्हते. त्यांच्यात 'गोरे' आणि 'काळे' अशा दोन पोटजाती होत्या. मिश्र संबंधातून झालेले मानले गेलेले ते काळे, त्यांच्याशी गोऱ्यांचा बेटीव्यवहार नसे. भिंत घालण्याची विद्या कुणी कुणाकडून शिकावी असे नव्हतेच.

आता पैशाकडे पुन्हा येऊ, कारण इथे एक गोष्ट नीट पाहण्यासारखी आहे. बगदादी समाज श्रीमंत होता असे आपण म्हणतो तेव्हा आपल्या डोळ्यांपुढे ससून आणि आणखी चार-दोन घराणी असतात. उरलेला समाज कसा होता? त्या घराण्यांच्या पेढ्यांत कारकून, गोदामांत आणि गिरण्यांत नोकर. राहायला त्यांनी दिलेल्या जागा, मुले भायखळ्याच्या जेकब ससून फ्री स्कूलमध्ये, आजारी पडले तर त्यांचाच दवाखाना, आणि अगदीच अडले तर त्यांच्याच ट्रस्टचा धर्मादाय. त्या धर्मादायावर जगणारी कुटुंबे भायखळ्याला बरीच होती. म्हणजे ही श्रीमंती समाजाची नव्हती, घराण्याची होती. समाज तिच्या सावलीत होता. झाड हलले की सावली हलणार.

झाड हललेच. चीनबरोबरच्या १९०७ च्या करारानंतर अफूची निर्यात दहा वर्षांत बंद पडली. व्हिक्टर ससूनने १९३० च्या सुमारास मुंबईतला व्याप आवरता घेऊन शांघायला मुक्काम हलवला. १९४० च्या दशकात गिरण्या विकल्या गेल्या. ई. डी. ससूनच्या त्या गिरण्यांचे पुढे 'इंडिया युनायटेड मिल्स' झाले. दादरला चैत्यभूमीजवळ ज्या इंदू मिलच्या जागेवर डॉ. आंबेडकरांचे स्मारक व्हायचे ठरले, ती इंडिया युनायटेडचीच सहा नंबरची गिरणी. कारखानदार गेल्यावर कारकुनांनी थांबून काय करायचे? ज्यांना जमले ते इंग्लंड, ऑस्ट्रेलियाला गेले, काही इस्रायलला गेले. मूळ घराण्याची एक शाखा तर केव्हाच इंग्लंडमध्ये स्थिरावली होती. पहिल्या महायुद्धावर कविता लिहिणारा सिगफ्रिड ससून हा आपल्या पुण्यात पुरलेल्या डेव्हिडचा पणतू.

बेने इस्रायलांना असे झाड नव्हतेच. त्यांना सावली मिळाली ती शाळेची, आणि इथे माझ्यातला मास्तर थोडा वेळ घेणार आहे. त्यांच्याकडे पहिल्यांदा शिक्षण घेऊन कोण आले? कोचीनचे ज्यू आणि ख्रिस्ती मिशनरी. मिशनऱ्यांचा हेतू धर्मांतराचा होता. त्यासाठी डॉ. जॉन विल्सनने १८३२ मध्ये चक्क मराठीतून हिब्रूचे व्याकरण लिहिले. या लोकांनी व्याकरण शिकून घेतले, इंग्रजी शिकून घेतली, आणि ख्रिस्ती मात्र फारसे कुणी झाले नाही. उलट हिब्रू कळू लागल्याने आपला धर्म नव्याने सापडला! १८४६ मध्ये वल्हांडणाच्या सणाची पोथी मराठी भाषांतरासह मुंबईत छापली गेली. १८८० च्या दशकात तर त्यांची कीर्तने सुरू झाली. पूर्वरंग, उत्तररंग, साकी, दिंडी, सगळे यथास्थित आणि आख्यान मात्र योसेफाचे किंवा मोशेचे.

१८७५ मध्ये हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी समाजासाठी इस्रायली शाळा काढली. केहिमकर सरकारी नोकरीतले साधे गृहस्थ. त्यांनी समाजाचा इतिहासही लिहिला, तो १८९७ मध्ये लिहून झाला आणि छापून आला १९३७ मध्ये, तेल अवीवला, लेखकाच्या निधनानंतर बऱ्याच वर्षांनी. शाळा मात्र वाढली. पुढे तिला मोठी देणगी मिळाली आणि माझगावला ती सर एली कदुरी हायस्कूल झाली. हे एली कदुरी कोण? शांघाय-हाँगकाँगचे धनिक, आणि मूळचे बगदादी! सगळेच बगदादी भिंतीच्या बाजूचे नव्हते, हेही सांगायला हवे.

पलटणींची भरती जातवार होऊ लागल्यावर या छोट्या समाजाला तिथे जागा उरली नाही. तेव्हा ही शाळाच कामी आली. रेल्वे, पोस्ट, तारखाते, कस्टम्स, म्युनिसिपालिटी, मुलींसाठी शिक्षिका आणि नर्सचे काम. लक्षाधीश शोधून सापडत नाही, पण निरक्षर आणि भीक मागणाराही क्वचितच. १९३७ मध्ये डॉ. ई. मोझेस मुंबईचे महापौर झाले. वरळीकडे जाणारा मोझेस रोड सगळ्यांना माहीत आहे, माणूस माहीत नाही. पुढे कवी निसीम एझिकेल झाले. पण मला मोजायचा आहे तो यांच्यामागचा कारकून. महिन्याच्या सात तारखेला पगार, चाळीत दोन खोल्या, मुलगी मॅट्रिक. हा हिशेब ससूनांच्या खतावणीशेजारी ठेवला तर अगदीच किरकोळ दिसतो. पण तो कुणाच्या मेहेरबानीवर नव्हता.

एवढे सगळे असून हा समाज इथून गेला. याचे उत्तर सोपे नाही. कुणी छळले म्हणून ते गेले नाहीत, हे त्यांनीच वारंवार सांगितले आहे. १९४८ मध्ये इस्रायल झाले, धर्माची ओढ होतीच. शिवाय इंग्रज गेल्यावर रेल्वे-तारखात्यातल्या नोकऱ्या आपल्या मुलांना मिळतील का, ही धास्ती होती. त्या वेळी बेने इस्रायल सुमारे २०,००० होते. पुढच्या दोन-तीन दशकांत बहुतेक गेले.

आमच्या शाळेत गणिताचे एक सर होते, ते १९७८ मध्ये गेले. जाताना स्टाफरूमला पेढे दिले आणि वेळापत्रकातले आपले तास कुणी घ्यायचे तेही स्वतः लिहून ठेवले. त्यांची पत्रे येत, शुद्ध मराठीत, वर 'श्री' नसे एवढाच फरक. एका पत्रात त्यांनी लिहिले होते की, इथे पगार चांगला, घर चांगले, पण मी गणिताचा मास्तर होतो हे इथे कुणाला पटत नाही, कारखान्यात मोजमापाचे काम करतो. पुढच्याच ओळीत होते, "पोहे पाठवता आले तर पाहा, मलिद्याला लागतात."

त्यांच्या आधी गेलेल्यांना याहून कठीण गेले. बीरशेबा, दिमोना, येरुहाम अशा वाळवंटातल्या नव्या वस्त्यांत त्यांना नेऊन टाकले. कातडीच्या रंगावरून वागणूक मिळते, कामे हलकी देतात, म्हणून १९५१ मध्ये काहींनी धरणे धरले आणि मागणी केली, आम्हांला भारतात परत पाठवा. धरणे आणि उपोषण, हत्यार इथूनच नेलेले. शंभराहून अधिक जण १९५२ मध्ये खरोखरच परत आले. (त्यांतले पुष्कळ पुन्हा इस्रायलला गेले, हेही खरे.) मग १९६२ मध्ये तिथल्या मुख्य धर्मपीठाने फर्मान काढले की, बेने इस्रायल व्यक्तीचे लग्न इतर ज्यूंशी लावण्याआधी तिच्या आई-आजीपासून मागची वंशावळ तपासावी. कारण? यांना घटस्फोटाचे शास्त्र माहीत नव्हते, तेव्हा यांचे रक्त शुद्ध कशावरून? सव्वाशे वर्षांपूर्वीचा मुंबईचा अर्ज जसाच्या तसा जेरुसलेमला पोचला होता. तेव्हाचे मुख्य रब्बी यित्झाक निसीम जन्माने बगदादचे होते, हा योगायोग असेल. दोन वर्षे आंदोलन चालले. १९६४ मध्ये तिथल्या संसदेने ठराव करून बेने इस्रायल हे सर्व बाबतींत पूर्ण ज्यू आहेत असे जाहीर केले आणि धर्मपीठाला फर्मानातले त्यांचे नाव काढावे लागले. संप करून, सत्याग्रह करून आपले पूर्वज शुद्ध ठरवून घेणारा समाज जगात दुसरा असेल असे वाटत नाही.

आज इस्रायलमध्ये भारतीय वंशाचे ज्यू सुमारे ८५,००० सांगतात, त्यांत बहुसंख्य बेने इस्रायल. कारखान्यातल्या बापाची नात आता डॉक्टर, इंजिनिअर असते. ती मराठी बोलत नाही, आणि तिने का बोलावे? पण 'मायबोली' नावाचे मराठी नियतकालिक तिथून निघाले आणि अनेक वर्षे चालले. बगदादी मंडळींनीही मुंबईत १८५५ पासून दहा-अकरा वर्षे एक पत्र चालवले होते, हिब्रू लिपीत, अरबीमिश्रित भाषेत. पण लंडनला किंवा सिडनीला गेलेल्या बगदादी कुटुंबांनी मुंबईची एखादी भाषा जपून ठेवल्याचे माझ्या वाचनात नाही. ती त्यांनी कधी घेतलीच नव्हती.

राहिले इथले. २०११ च्या जनगणनेत भारतभरात ज्यू साडेचार हजारांच्या आसपास भरले, निम्म्याहून अधिक महाराष्ट्रात. २०१६ मध्ये राज्य सरकारने त्यांना अल्पसंख्याकांचा दर्जा दिला. त्यांत बगदादी बोटांवर मोजण्याइतके. अलिबागच्या इस्रायल आळीतले १८४८ चे सिनेगॉग उभे आहे. माझगावच्या शाळेत आता ज्यू मुले जवळजवळ नाहीत, इतर समाजांची मुले शिकतात. फोर्टातले जेकब ससूनने १८८४ मध्ये बांधलेले निळे सिनेगॉग दुरुस्त होऊन २०१९ मध्ये पुन्हा उघडले, रंग छान दिला आहे, पाहून यावे. तिथे आणि भायखळ्याच्या सिनेगॉगात प्रार्थना अजून होते. दहा माणसे लागतात. ती बेने इस्रायल असतात.